हिवऱ्याची पंगत आणि आमचे वांगे

यंदा पौषात मेहकरास जाण्याचा योग आला. आमचे जावई नोकरीनिमित्त तेथे बदलून गेले आहेत. आणि "नाना, संक्रांत झाली की दोघेही या, थंडी आहे तोवर वऱ्हाड पाहून घ्या," असा कन्येचा आग्रह तीन पत्रांइतक्या लांबीच्या एकेका संभाषणात दूरध्वनीवरून चालला होता. शाळेच्या सेवेतून मोकळे झाल्यापासून आम्हांस पूर्वीसारख्या सबबी सुचत नाहीत. तेव्हा एके दिवशी पहाटे आमचे कुटुंब, एक वळकटी, तिळगुळाचा डबा आणि आम्ही असे एस.टी.त बसलो व सायंकाळच्या सुमारास मेहकरास पोहोचलो.

जालना सोडल्यावर वाटेत सिंदखेडराजा लागते. जिजाऊंचे हे जन्मस्थान. गाडी थांबली तेवढ्या दोन मिनिटांत खिडकीतूनच हात जोडले. पुढे जमीन काळी होत जाते. तुरीची कापणी चालू होती. शेतांच्या बांधांवर तुराट्यांचे भारे उभे होते. कपाशीची शेवटची वेचणी उरली होती आणि हरभरा घाट्यांवर आला होता. आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमच्या डोळ्यांस उसाच्या हिरव्या भिंतींची सवय. येथे दृष्टी अडत नाही. दूरवर एखादे बाभळीचे वा हिवराचे झाड, आणि त्यापलीकडे आभाळ.

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे जुने गाव. येथील शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती 1888 साली जमिनीखाली सापडली. तिच्या पुढे उभे राहिले म्हणजे मान वर करूनच दर्शन घ्यावे लागते, आणि हे एका परीने चांगले आहे. देवापुढे तरी मनुष्याने वर पाहावे. लोणारचे प्रसिद्ध सरोवरही येथून फार दूर नाही. उल्कापाताने काळ्या कातळात पडलेल्या त्या अजस्र विवराचे वर्णन अनेक लेखकांनी केले आहे. त्यात आम्ही भर घालीत नाही. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते हिवऱ्याविषयी, आणि हिवऱ्याच्या निमित्ताने एका भाजीविषयी.

आल्याच्या रात्री जावईबापू म्हणाले, "नाना, उद्या हिवरा आश्रमाचा महाप्रसाद आहे. आपण सर्वजण जाऊ."

आम्ही म्हटले, "अवश्य जाऊ. प्रसाद कशाचा असतो?"

"पुरी आणि वांग्याची भाजी."

"आणखी?"

"आणखी काही नाही, नाना. लाखभर माणसांच्या पंगतीत आणखी काय असणार?"

स्वयंपाकघरातून आमच्या कुटुंबाचे हसणे ऐकू आले. ते का, हे समजण्यासाठी वाचकांस थोडे मागे न्यावे लागेल.

आमच्या घरात अडतीस वर्षांत वांग्याची भाजी शिजलेली नाही. कारण, ती आम्ही खात नाही. आम्ही आठ वर्षांचे असताना एका आप्तांच्या घरी जेवावयास गेलो होतो. पानात भरले वांगे पडले. ते मोडले तो आत अळी. आम्ही हात आखडता घेतला. त्यावर घरातील एका वडीलधाऱ्यांनी, अन्नाचा अपमान होतो म्हणून, बाजूचा भाग काढून उरलेले वांगे आम्हांस खावयास लाविले. तो घास कसा गिळला ते आम्हांस ठाऊक. त्यानंतर वांगे दिसले की घसा मिटावा, असे झाले. लग्न होऊन कुटुंब घरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही सांगून टाकिले, "आमच्या घरी वांगे चालत नाही." अळीची हकीकत सांगण्याची लाज वाटली, म्हणून शास्त्राचा आधार घेतला.

हा आधार घेणे आम्हांस सोपे होते. पाठांतर वडिलांपाशी झालेले. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांदा-लसूण-वांगे एकदाचे खाऊन चातुर्मासात ते वर्ज्य करावयाचे, हा पुष्कळ घरांचा रिवाज आहेच. पावसाळ्यात वांग्यास कीड अधिक, हे त्यामागचे व्यवहारातील कारण कोणाही शेतकऱ्यास पटण्याजोगे आहे. आम्ही एवढेच केले की, चार महिन्यांचा चातुर्मास बारा महिन्यांचा केला. कोणी विचारलेच तर 'वातिंगण' हा संस्कृत शब्द पुढे करावा, त्यात वात आहे असे सांगावे, आणि ऐकणाऱ्याने गप्प बसावे, असा आमचा क्रम होता.

वास्तविक या शब्दाची कथा आमच्या कामी येणारी नव्हती. संस्कृतातील हाच वातिंगण फारसीत बादिंगान झाला, अरबांनी त्याचे बादिंजान केले, स्पेन व पोर्तुगालात तो बेरेंजेना व बेरिंजेला होऊन बसला, आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून फिरून आपल्याकडे आला तो ब्रिंजल होऊन. फ्रेंचांचे ओबर्जिन हेही त्याच घराण्यातले. एवढी पृथ्वीप्रदक्षिणा ज्या फळाने केली, त्यास जगाने नाकारले असते तर ती घडती ना. इटलीत मात्र त्याच्या नावाचा अर्थ लोकांनी 'वेडे सफरचंद' असा लावला, व ते खाल्ल्याने वेड लागते अशीही समजूत एके काळी तिकडे होती. आम्हांस तेवढीच गोष्ट सांगावयास आवडे. भावप्रकाशात वृंताकाचे गुण सांगताना कोंबडीच्या अंड्यासारख्या पांढऱ्या वांग्याचाही उल्लेख आहे. इंग्रज त्यास अंड्याचे झाड म्हणतात ते कसे, हे मुलांस शिकविताना आम्ही तो उल्लेख आनंदाने करीत असू. परंतु त्याच ग्रंथात वांग्याचे गुण सांगितले आहेत तो भाग घाईने ओलांडीत असू.

आमचे कुटुंब खानदेशातले, तापीकाठचे. तो मुलूख वांग्याच्या भरिताचा. जळगावच्या भरिताच्या वांग्यास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मोठे, हिरवट, पांढऱ्या रेषांचे ते वांगे तुराट्यांच्या वा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावयाचे, लाकडी बडगीत कुटावयाचे, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि सढळ तेल. सोबत कळण्याची भाकरी. हिवाळ्यात शेतात भरिताच्या पंगती उठतात. अशा घरातून आलेल्या मुलीस आम्ही वांगे चालत नाही असे सांगितले. तिने "बरं" म्हटले, आणि विषय संपला. निदान आम्हांस तसे वाटले.

विषय संपला नव्हता. तिच्या कामास तेथून आरंभ झाला होता. आमच्याकडचे सर्व स्वयंपाकाचे प्रकार वांग्याभोवती किती फिरतात, हे पुरुषांस ठाऊक नसते. मसालेभात आहे, भरली भाजी आहे, बटाट्याबरोबरचा रस्सा आहे, श्राद्धपक्षातले नसले तरी सणासुदीचे काप आहेत, भोगीची भाजी आहे. या प्रत्येक ठिकाणी तिने वांग्याच्या जागी काही तरी बसविले, आणि ते इतके बेमालूम बसविले की, आम्हांस त्यातील खटपट कधी दिसलीच नाही.

भरल्या वांग्यांच्या जागी तोंडली आली. तोंडले वांग्यासारखे मऊ होत नाही. म्हणून ते आधी वाफवून, मग चिरा देऊन त्यात दाणे-खोबऱ्याचा मसाला भरावयाचा. कधी ढोबळी मिरची, कधी पडवळाची नळकांडी. मसालेभातात तोंडलीच. रस्स्यात बटाट्याबरोबर कच्चे केळे. त्याच्या पिठूळपणाने रस्सा आपोआप दाट होतो, म्हणून पाणी सवाई घालावे लागते आणि दाण्याचे कूट निम्मे करावे लागते. कापांस सुरण. ते खाजते, म्हणून चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात उकडून घेऊन मग तांदळाच्या पिठीत घोळावयाचे. भोगीच्या भाजीत गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे, तीळ हे सर्व असे. एक वांगे तेवढे नसे, आणि त्याच्या जागी घेवडा थोडा अधिक पडे.

सर्वांत अवघड ते भरीत. लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत गोड लागते आणि ती वेगळीच वस्तू आहे. म्हणून तिने दुधी घेतला. दुधी जाळावर भाजला तर साल करपते, पण आतला गर पाणीच सोडीत राहतो. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. तेल, मिरची, मीठ, धूर, जे द्याल ते पिऊन बसतो. तुर्कस्तानात तेलात मुरविलेल्या भरल्या वांग्याच्या एका पदार्थाचे नावच 'इमामास भोवळ आली' असे आहे, आणि बायकोने त्यात किती तेल ओतले हे ऐकून ती आली असे काही जण सांगतात. दुधी असे काही पीत नाही. तेल वर तरंगते. तेव्हा गर फडक्यात पिळावयाचा, ते पाणी भाकरीच्या पिठात घालावयाचे, गरात थोडे दाण्याचे कूट मिसळावयाचे म्हणजे ते तेल धरून ठेवते. आणि शेवटी वाटीत फुललेला निखारा ठेवून त्यावर तुपाचे चार थेंब सोडून वर झाकण घालावयाचे, म्हणजे धुराचा वास लागतो. इतके करून जे होई ते आम्ही चवीने खात असू आणि पाहुण्यांस म्हणत असू, "पाहा, वांग्यावाचून काही अडत नाही."

हे सर्व बारकावे आम्हांस आज सांगता येतात, कारण हिवऱ्याहून परतल्यावर आम्ही ते तिला विचारून लिहून घेतले. तोवर आम्हांस फक्त चव ठाऊक होती.

आता हिवऱ्यास येऊ. हिवर नावाचे काटेरी झाड या भागात होते, त्यावरून अशी गावांची नावे पडली आहेत. मेहकर तालुक्यातील या हिवऱ्यास शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम स्थापिला, आणि आता गावाचे नावच हिवरा आश्रम होऊन गेले. महाराज रोग्यांस औषधे देत. मठ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते ते येथे नाही. शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, शेतकीचे शिक्षण आहे, रुग्णांची सोय आहे. जवळच कोराडीचा जलाशय आहे. ज्यांनी नरसेवा हीच नारायणसेवा असे सांगितले, त्या स्वामींची जयंती येथे इंग्रजी तारखेने नव्हे, तर पौष वद्य सप्तमीच्या तिथीस अनुसरून होते. उत्सव तीन दिवसांचा, शेवटी महाप्रसाद.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे कलती होती. मोकळ्या शेतात माणसे ओळीने बसत होती. एक ओळ डोळ्यांनी धरून तिचा शेवट पाहू गेलो तर तो दिसेना. कोणी कोणास जात विचारीत नव्हते, गाव मात्र सगळे विचारीत होते. आमच्या उजव्या हातास एक म्हातारबाबा धोतर सावरून बसले होते. पलीकडे एका लेकुरवाळीने मुलास मांडीवर घेतले होते. डावीकडे आमचे कुटुंब, मग सात वर्षांचा नातू, मग लेक व जावई. शाळेत पन्नास मुलांची प्रार्थनेची ओळ सरळ करताना आमचा घसा बसत असे. येथे लाखाच्या घरातील समाज स्वतःहून सरळ बसला होता.

आणि मग ट्रॅक्टर आले. दोन ओळींमधील वाटेने ते सावकाश चालले होते. मागच्या ट्रॉलीत पुऱ्यांचे डोंगर, दुसऱ्या ट्रॉलीत भाजी. दोन्ही बाजूंनी तरुण मुले बादल्या भरभरून घेत व धावत जाऊन वाढीत. वाढप्याची धाव, ट्रॅक्टरची संथ गती आणि बसलेल्यांची स्वस्थता यांचा मेळ असा काही बसला होता की, आमच्यासारख्या जन्मभर वेळापत्रके आखणाऱ्याने पाहत राहावे.

आमच्यापुढे पुऱ्या पडल्या. पाठोपाठ एक मुलगा बादली घेऊन वाकला. आम्ही पानावर हात आडवा धरिला. तो म्हणाला, "घ्या ना जी, बाबाजी. प्रसाद आहे." आम्ही म्हटले, "थोडीच वाढ." थोडी म्हणजे किती, याचा त्या बादलीतील पळीस पत्ता नव्हता. तांबडा रस्सा पानावर पसरला, आणि त्यात ती वांगी.

विचार केला, पुऱ्या कोरड्या खाव्यात. घरी असतो तर एव्हाना दुसरी वाटी पुढे आली असती. पण लाख माणसांत ती आणणार कोण, आणि कोठून? येथे जे होते ते एकच होते, बदली नव्हती. आम्ही पुरीचा तुकडा मोडून सहज डावीकडे पाहिले.

आमचे कुटुंब जेवीत होते. अडतीस वर्षे आम्ही तिला जेवताना पाहिले आहे; परंतु असे पाहिलेले नाही. ती बोलत नव्हती, इकडेतिकडे पाहत नव्हती. वांग्याची फोड पुरीत धरून, रश्शात बुडवून, एकेक घास सावकाश खात होती. वाढपी पुन्हा आला तेव्हा तिने स्वतः म्हटले, "अजून वाढ, बाळा." तिसऱ्यांदा आला तेव्हाही नको म्हटले नाही.

आम्ही हळू आवाजात विचारले, "तुला वांगे आवडते?"

तिने मान वर केली. "म्हणजे काय? आवडतं."

"मग इतकी वर्षे कधी बोलली नाहीस?"

"बोलण्यासारखं काय होतं त्यात? तुम्ही खात नव्हता. दोन माणसांसाठी दोन भाज्या कोण करतं?"

"पण एखादे दिवशी स्वतःपुरते..."

ती हसली. "अहो, चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत करते ना मी दरवर्षी? तो नैवेद्य कुठे जातो, असं वाटत होतं तुम्हांला?"

आमच्या कुळाचा देव खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस त्याला वांग्याचे भरीत आणि रोडगे लागतात. तो कुळाचार आम्ही मोडला नव्हता. नैवेद्य दाखवून आम्ही पाटावर बसावे, आमच्या पानात दुधीचे भरीत यावे, हे ठरलेले. देवापुढच्या वाटीचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. मोलकरणीस जात असेल, एवढेच धरून चाललो. ती वाटी अडतीस वर्षे स्वयंपाकघरात, सर्वांची जेवणे झाल्यावर, एकटीने संपविली जात होती. वर्षातून एक वाटी, तीही देवाच्या नावावर.

इतक्यात नातवाने आमच्या पानाकडे बोट केले. "आजोबा, तुम्ही भाजी टाकणार आहात? मग मी पण टाकतो. मला पण वांगं चालत नाही."

'चालत नाही' हे शब्द आमचेच होते. आठव्या वर्षी पाहिलेली एक अळी आम्ही शास्त्रात गुंडाळून ठेविली होती, ती आता तिसऱ्या पिढीच्या पानात चालली होती. त्या पोराने वांग्यात कधी काही पाहिलेले नव्हते.

आम्ही त्याला म्हटले, "चालते रे. आजोबा भितात, एवढेच." आणि फोड उचलून खाल्ली.

येथे खरे तेच लिहिले पाहिजे. ती अमृतासारखी लागली नाही. तिखटाने डोळ्यांत पाणी आले. फोड जिभेवर विरघळली, तिचा तो बुळबुळीतपणा आम्हांस आजही प्रिय नाही. परंतु घसा मिटला नाही. सहा दशके ज्याचे भय बाळगले ते एका घासात गेले. उरली ती साधी नावड. आणि भय व नावड यांत फार अंतर आहे. पान आम्ही पुसून संपविले. नातवाने निम्मे संपविले. त्यास आम्ही आग्रह केला नाही. आम्हांस एकदा झालेला आग्रह आम्ही विसरलेलो नाही.

त्या रात्री मेहकरास झोप लागेना. मीमांसेतील प्रतिनिधीचा विचार मनात घोळू लागला. जैमिनींनी सहाव्या अध्यायात हा प्रश्न घेतला आहे. यज्ञास सांगितलेले द्रव्य न मिळाले तर काय करावे? कर्म सोडू नये. त्याच्यासारखे दुसरे घ्यावे. व्रीही नसतील तर नीवार घ्यावेत. वैद्यकातही असेच आहे. भावप्रकाशात मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीच्या अभावी अश्वगंधा, जीवक-ऋषभकाच्या अभावी विदारीकंद घ्यावा, अशी यादीच दिलेली आहे. आपल्या नित्याच्या पूजेत वस्त्र नसेल, अलंकार नसेल, तर त्या जागी अक्षता वाहतो, आणि देव त्या गोड मानून घेतो. बदलीची वस्तू हे आपल्याकडे कमीपणाचे लक्षण नाही. कर्म चालू राहावे यासाठी केलेली ती सोय आहे.

परंतु या सोयीस मर्यादा घातलेल्या आहेत. वैद्य सांगतो, योगात जे गौण असेल त्याचा प्रतिनिधी घ्यावा; जे प्रधान आहे त्याचा घेऊ नये. मसालेभातातले वांगे गौण आहे, तेथे तोंडले खुशाल चालावे. भरितात ते प्रधान आहे. तेथे दुधीने कितीही वेष घेतला तरी तो दुधीच. मीमांसक आणखी पुढे जातो. मुख्य द्रव्य हाती असेल तर मुख्यच घ्यावे. कारण प्रतिनिधी येतो तो अभावामुळे. आमच्या घरी वांग्याचा अभाव केव्हा होता? मंडईत ढीग पडलेले होते. अभाव होता तो आमच्या धैर्याचा, आणि त्याची भरपाई दुधी पिळून कोणी तरी करीत होते.

शेवटची मर्यादा सर्वांत मोठी. देवतेस प्रतिनिधी नाही, अग्नीस नाही, मंत्रास नाही, आणि ज्यास फळ मिळावयाचे त्या यजमानासही नाही. तांदळाच्या जागी दुसरे धान्य येईल; पण एकाच्या जागी दुसऱ्याने यजमान होता येत नाही. आणि यजमान म्हणजे एकटा पती, असेही तेथे नाही. पती व पत्नी यांचा अधिकार मिळून आहे. हा भाग आम्ही वडिलांपाशी बसून वाचला होता. वर्गातही प्रसंगाने सांगितला होता. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी मात्र तो थबकला होता. वांग्याच्या जागी दुधी आला, येथवर काही बिघडले नाही. बिघडले ते हे की, तिच्या जिभेच्या जागी आमची जीभ बसली, आणि घरात कोणास आवडते, कोणास नाही, याचा निर्णय एकाच्या तोंडाने झाला.

सकाळी आम्ही तिला अळीची हकीकत सांगितली. अडतीस वर्षांत प्रथमच. ती म्हणाली, "एवढंच होतं? आधी सांगितलं असतं तर मी वांगं चिरून, दाखवून मग भरलं असतं." आम्हांस काही उत्तर सुचले नाही.

आता घरातील व्यवस्थेविषयी दोन शब्द, कारण हे मासिक ज्यांच्या हाती पडते त्यांतील बहुतेक घरांत असे एखादे वांगे असेलच. कोठे कारले असेल, कोठे शेपू, कोठे मुळा. नावडणाऱ्यास जबरीने वाढू नये. तसा वाढलेला एक घास किती वर्षे टिकतो हे वर आलेच आहे. त्याला बदली अवश्य द्यावी. पण ती त्याच्या वाटीपुरती असावी, साऱ्या घरापुरती नसावी. रस्सा वा मसाला एकच करावा. त्यातील थोडा बाजूस काढून त्यात केळ्याच्या किंवा तोंडल्याच्या फोडी शिजवाव्यात, उरलेल्यात वांगी सोडावीत. काम थोडेच वाढते. आणि ज्याला बदली हवी, त्याने त्या वाढलेल्या कामात हात लावावा, हे आम्हांस हिवऱ्याने शिकविले.

घरी परतल्यावर पहिल्या गुरुवारी आम्ही स्वतः मंडईत जाऊन वांगी आणली. आकाराच्या मानाने हलके घ्यावे, देठ हिरवा व ताजा असावा, साल तुकतुकीत असावी, आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले तरी ते बाजूस ठेवावे, कारण अळीचा मार्ग तोच, हे तिने सांगून पाठविले होते. घरी येताच ती चिरून मिठाच्या पाण्यात टाकिली, म्हणजे फोडी काळ्या पडत नाहीत. तिने एकेक फोड आम्हांस दाखविली. आम्ही चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. तितक्याच बारकाईने ती वांगी तपासली. एकही अळी नव्हती.

तेव्हापासून गुरुवारी घरात वांगे असते. आम्ही दोन फोडी खातो, अधिक नाही. उरलेल्या भाकरीस आमच्यासाठी दुधीचे भरीत असते. मात्र ते आम्हीच करतो. पहिल्या खेपेस मोठ्या अभिमानाने तिच्या पानातही थोडे वाढले. तिने घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "अहो, पाणी पिळलं नाहीत."